गलबतवाल्याचा शेवट

मला समुद्राची भीती वाटते, ही गोष्ट मी अकरा वर्षं कोळीवाड्यात लपवून ठेवली आहे. माझं माहेर आत, डोंगराच्या बाजूला, भातशेतीच्या गावात. तिथं पाणी गुडघाभर असतं आणि आपण बांध घालू तिथं थांबतं. लग्न होऊन मुरुडला आले तर दारातच समुद्र, आणि नवरा तांडेल, म्हणजे बोट आणि बोटीवरची सगळी माणसं त्याच्या शब्दावर चालणार. तांडेलाची बायको पाण्याला घाबरते हे कळलं असतं तर इथल्या बायकांनी मला होळीपर्यंत पुरवून पुरवून चिडवलं असतं. म्हणून बोट सुटताना मी किनाऱ्यावर हसत उभी राहायची, आणि घरी आल्यावर तोंड धुवायच्या निमित्तानं न्हाणीत जाऊन पाच मिनिटं रडून घ्यायची.

दुसरी एक गोष्ट मात्र मी कधी लपवली नाही. मला हॉलिवूडचे जुने सिनेमे आवडतात. काळे-पांढरे, प्रेमाचे, आणि त्यातही एखाद्या जाडजूड कादंबरीवरून काढलेले. अलिबागला कॉलेजात होते तेव्हा इंग्रजीच्या मॅडम वर्गात असे सिनेमे लावायच्या आणि दर दहा मिनिटांनी थांबवून कादंबरीत इथं काय होतं ते सांगायच्या. बाकीची मुलं वैतागायची. मला ते थांबणंच आवडायचं. त्या बी.ए.च्या पदवीचा सासरी एकच उपयोग झाला, तो असा.

पावसाळा सरून ऊन पडलं की आमच्याकडे सोड्यांचं काम निघतं. ताजी कोलंबी सोलायची, साफ करायची आणि उन्हात कडकडीत वाळवायची. बायका पडवीत गोल करून बसतात आणि दिवस दिवस सोलतात. माझा हात त्यात कधी बसला नाही. सासूबाईंच्या तीन सोलून होतात तेव्हा माझी एक होते, तीही तुटलेली. पहिल्याच वर्षी शेजारच्या काकी म्हणाल्या, "हिला सोलाला नको गो बसवू, चुरा करील सगला. हिला बोलाला बसव." काकींचा नवरा आमच्याच बोटीवर इंजिन सांभाळतो, तेव्हा काकींचा शब्द आमच्या घरात घरचाच. मग मी सिनेमे सांगायला लागले, आणि कोलंबीची टोपली नेहमीपेक्षा लवकर रिकामी व्हायला लागली.

आमच्या पडवीत आजवर किती गोऱ्या बायका प्रेमात पडल्या, किती जणींची पत्रं हरवली आणि किती जणी आगगाडीच्या धुरात उभ्या राहून रडल्या, याची गणती नाही. ऐकणाऱ्यांचे प्रश्न मात्र मॅडमनी कधी विचारले नसतील असे. "एवरी मोठी हवेली, नि चूल कुठं हाय ती दाखवली का एकदा तरी?" "ती एवरी रडते तर तिची आई कुठं गेली?" आणि नायक-नायिका अगदी जवळ आले की काकी हटकून विचारायच्या, "मंग?" मी म्हणायचे, मग काही नाही, पडदा काळा होतो. "मेले," काकी म्हणायच्या, "नेमका तवाच दिवे जातात त्यांचे."

सासूबाई फारसं हसायच्या नाहीत. त्या ऐकायच्या. स्वतः त्यांनी कधी एकही गोष्ट सांगितली नाही. माझ्या मुलीनं गळ्यात पडून हट्ट केला तरी नाही. "मना येत न्हाय" म्हणून उठून जायच्या. पण माझ्या गोष्टीला त्यांनी दोन नियम लावले होते. पहिला, बोट बाहेर असताना गोष्ट सुरू केली तर ती बोट यायच्या आत पुरी करायची. अर्धी गोष्ट घरात असली की बोटीला घर दिसत नाही, असं त्यांच्या सासूबाई म्हणायच्या. दुसरा नियम त्यांचा स्वतःचा. मी रंगात येऊन काहीबाही वाढवायला लागले की त्यांना ते बरोबर कळायचं. सोलता सोलता मान वर न करता म्हणायच्या, "जसा हाय तसा सांग. पदरचा घालू नको." इंग्रजीचं अक्षर न कळणारी बाई मी कुठं थाप मारते ते कसं ओळखते, याचा मला राग यायचा आणि नवलही वाटायचं.

गेल्या वर्षी दिवाळीच्या थोडं आधीची गोष्ट. बोट डिझेल, बर्फ आणि शिधा भरून आठवड्याच्या फेरीला निघाली. दुसऱ्या दिवशी टोपल्या आल्या, आम्ही बसलो आणि काकी म्हणाल्या, "त्या नाचाच्या नि पार्ट्यांच्या पुरे झाल्या. दर्याची सांग एकतरी."

माझ्याकडे एक होती. अर्धीमुर्धी. अमेरिकेतलं एक लहानसं बंदर. तिथं एक शाळामास्तरीण, आणि लाकूड वाहून नेणाऱ्या जहाजाचा एक कप्तान. तिचं लग्न गावातल्या दुकानदाराशी ठरलेलं, पण जीव याच्यावर. कप्तान दूरच्या फेरीला जातो, वर्ष होतं, सगळे म्हणतात गेला, आणि तो येतो. पुन्हा जातो, तिची बहीण त्याची पत्रं चुलीत घालते, हिला वाटतं विसरला, आणि तो पुन्हा येतो. मग लग्न. मग तो म्हणतो, आता शेवटची फेरी, आल्यावर इथंच दुकान टाकू. मी मोबाइलवर इथवर बघितला होता आणि रेंज गेली होती. शेवटचा अर्धा तास राहिला होता.

शेवट न बघता गोष्ट सुरू केली, ही माझी चूक. पण दोनदा आलेला माणूस तिसऱ्यांदाही येईल असं मी धरून चालले. माझा नवराही अकरा वर्षं दर वेळी आलेला आहे. मला वाटतं, मनात कुठंतरी तोच हिशेब होता.

दोन दिवस गोष्ट झकास चालली. कप्तानाला पडवीत 'गलबतवाला' नाव पडलं. पत्रं जाळणाऱ्या बहिणीला काकींनी असल्या शिव्या घातल्या की तिच्या सात पिढ्यांना उचक्या लागल्या असतील. "तिसऱ्या फेरीला तो निघाला," इथं मी दुसऱ्या दिवशी थांबले आणि म्हटलं, उरलेलं उद्या. सासूबाईंनी फक्त बघितलं.

गोष्टीच्या तिसऱ्या दिवशी सकाळी बंदरावर धोक्याचा बावटा चढला.

समुद्रात खोल कुठंतरी वादळ तयार होत होतं. फोनवर संदेश आले, बोटींनी जवळच्या बंदरात परतावं. दुपारपासून बोटी यायला लागल्या. मी गच्चीवर पाण्याच्या टाकीशेजारी उभी राहून एकेकीचा रंग ओळखत होते. आमची हिरवी, वर पांढरा पट्टा. आलेल्या तांडेलांना विचारलं तर एक जण म्हणाला, सकाळी वायरलेसवर बोलणं झालं, जाळं ओढून निघतोच म्हणाले. दुसरा म्हणाला, त्यानंतर आवाज नाही. दोघंही माझ्याकडे न बघता बोलत होते.

चौथ्या दिवशी वारा सुटला. नारळीच्या झावळ्या एकाच बाजूला वाकून राहिल्या. वाळत घातलेले सोडे आम्ही पोत्यात भरून आत घेतले. वायरलेसवर आमच्या बोटीचं काहीच नव्हतं. मला काही सुचत नव्हतं, आणि माणसाला काही सुचलं नाही की तो भलतंच काम काढतो. मी टाकीच्या आडोशाला बसून सिनेमाचा शेवटचा अर्धा तास बघितला. मनात म्हटलं, तो आलेला बघते, जरा धीर येईल.

तो आला नाही. जहाज आलं. गाव धक्क्यावर जमलं, बँड वाजायला लागला, मास्तरीण टेकडीवरून धावत खाली आली, आणि जहाजावरचा दुसरा माणूस कप्तानाची टोपी हातात घेऊन शिडी उतरला. ती टोपीकडे बघते आणि विचारते, "त्याला थंडी वाजत असेल ना?" तिथं संपतं. मी गच्चीवर बसले होते. माझे दात वाजत होते. खाली समुद्र मातकट झाला होता आणि मला तिकडे बघवत नव्हतं. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. माझ्या पाठी तो मीच लावून घेतला होता, स्वतःच्या डेटा पॅकवर.

दुपारी काकी आल्या. घरात एक शेवटची टोपली बर्फात होती, ती टाकून देणं शक्य नव्हतं. आम्ही तिघीच बसलो. काकींच्याही दोन-तीन कोलंब्या तुटल्या. मग त्याच म्हणाल्या, "सांग गो. अर्धी हाय ती. पुरी कर. बोट याच्या आत पुरी कर."

मी सासूबाईंकडे बघितलं. त्यांनी मान हलवली.

आता मी काय सांगणार होते? बुडाला? आमच्या घरात बोट बाहेर असताना तो शब्द भांड्याकुंड्यासाठीसुद्धा वापरत नाहीत. बादली विहिरीत पडली तरी 'खाली गेली' म्हणतात. काकींचा नवरा त्या बोटीवर, माझा नवरा त्या बोटीवर, सासूबाईंचा एकुलता मुलगा त्या बोटीवर, आणि मी पडवीत बसून टोपी हातात घेऊन उतरणारा माणूस सांगू?

मी त्याला आणला. जहाज आलं, बँड वाजला, मास्तरीण टेकडीवरून धावत आली, आणि गलबतवाला शिडी उतरला. दाढी वाढलेली, हाताला पट्टी बांधलेली, पण उतरला. त्यानं स्वतःची टोपी तिच्या डोक्यावर ठेवली. मी एवढं मन लावून सांगितलं की मला ती टोपी दिसली. मी शेवटचं वाक्य बोलत होते तेव्हा मोहल्ल्यातल्या मशिदीत दुपारनंतरची अजान सुरू झाली. पावणेपाच. वाऱ्यानं तिचे तुकडे होऊन येत होते.

काकी पदराला डोळे पुसत म्हणाल्या, "आयला गो माजा बाबा, आयला." आणि घरी गेल्या, जरा हलक्या होऊन.

सासूबाईंनी हातातली कोलंबी खाली ठेवली. हात धुतले. मला वाटलं त्या म्हणतील, पदरचं घातलंस. त्या टोपली उचलून आत गेल्या. संध्याकाळी त्या जेवल्या नाहीत, आणि मी आग्रह केला नाही, कारण मलाही घास उतरत नव्हता.

पाचव्या दिवशी सकाळी वारा पडायला लागला. ते जास्त वाईट होतं. वारा असतो तोवर माणूस म्हणतो, वाऱ्यामुळे अडकले असतील. वारा पडल्यावर काय म्हणायचं? मच्छीमारांच्या सोसायटीत गेले, तिथं माणसं फोन लावत होती, दक्षिणेकडच्या बंदरांना, ओळखीच्या तांडेलांना. तिकडे बऱ्याच ठिकाणी वीज गेली होती, टॉवर बंद होते. मला एक खुर्ची दिली. माझ्यासाठी खुर्ची पुसून पुढं केली गेली, हे बघून मला इतकी भीती वाटली की मी बसलेच नाही. घरी आले.

सासूबाई पडवीत भिंतीला टेकून बसल्या होत्या. समोर टोपली नव्हती, काही नव्हतं.

"खरंच आयला का तो?" त्यांनी विचारलं.

"कोण?"

"गलबतवाला."

"आला ना. सांगितलं की काल."

दुपारी त्यांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा म्हटलं, आला. जरा चिडूनच म्हटलं. माझा नवरा बेपत्ता होता आणि ही बाई मला एका अमेरिकन माणसाची चौकशी करत होती. मी आत जाऊन देवापुढचा नारळ उगाच फिरवून ठेवला, मुलीला शेजारी खेळायला पाठवलं, बाहेर आले, तर त्यांनी मला हाताला धरून खाली बसवलं.

"मी सांगते ती ऐक," त्या म्हणाल्या. "कोनाला सांगितली न्हाय."

आणि त्या बाईंनी, ज्यांना गोष्ट येत नव्हती, मला गोष्ट सांगितली.

त्या तेव्हा विशीतल्या होत्या. माझा नवरा दोन वर्षांचा. माझे सासरे बोटीवर. याच पडवीत बायका सोलत बसायच्या आणि गोष्टी सांगायच्या सासूबाई. वाड्यात त्यांच्यासारखं सांगणारं कुणी नव्हतं म्हणे. त्यांनी एका राजाची गोष्ट सुरू केली होती, त्यांच्या आजीकडून आलेली. राजा शिकारीला जातो, राणी दारात दिवा घेऊन बसते, आणि राजाला वाघ खातो. गोष्ट तशीच होती, पिढ्यान्‌पिढ्या. पण मध्येच वारा उठला. बोट बाहेर.

"मना भ्याव वाटला," त्या म्हणाल्या. "मी राजाला घरी आनला. वाघाला मारला नि राजाला आनला. सगल्या बाया खूश झाल्या. माजी सासू तेवरी गप बसली. मना म्हनाली, पोरी, दर्याला एक लागतो. तो गोष्टीतला घेतो नि आपला सोरतो. म्हनून तर त्या गोष्टीत राजा जातो. तू त्याचा घास कारून घेतलास."

त्यांनी पाण्याकडे बोट केलं.

"बोट आयली. ते न्हाय आयले."

इतकंच. मला सासऱ्यांचा भिंतीवरचा फोटो दिसत होता, हार घातलेला, माझ्या नवऱ्यापेक्षा तरुण. पस्तीस वर्षं. पस्तीस वर्षं ही बाई त्या फोटोखाली झाडू मारत होती आणि समजत होती की त्याला आपण मारलं. जसा हाय तसा सांग. पदरचा घालू नको. मला त्या दुसऱ्या नियमाचा किती राग यायचा!

मी बी.ए. झालेली बाई आहे. समुद्र गोष्टी ऐकत नाही हे मला माहीत आहे. तेव्हाही माहीत होतं. आणि तरी सांगते, त्या क्षणी माझ्या अंगावर काटा आला तो सासूबाईंच्या दुःखानं नव्हे. मी काल पावणेपाचला काय करून बसले, या भीतीनं. सगळं शिक्षण गळून पडलं. मी त्यांचे पाय धरले आणि म्हटलं, "आई, तो आला नाही. मी खोटं सांगितलं. तो बुडाला."

तो शब्द मी त्या घरात मोठ्यानं उच्चारला. सासूबाईंनी डोळे मिटले.

"पैल्यापासून सांग," त्या म्हणाल्या. "जसा हाय तसा."

मी सांगितलं. जहाज, बँड, टेकडी, शिडी, दुसऱ्याच्या हातातली टोपी. एकेक शब्द बोलताना मला माझा नवरा दिसत होता, आणि मी त्याला तिथं ठेवून गलबतवाल्याला पाण्यात ढकलत होते. "त्याला थंडी वाजत असेल ना?" हे मास्तरणीचं वाक्य बोलून मी थांबले तेव्हा साडेपाच वाजून गेले होते. माझं लुगडं घामानं भिजलं होतं. सासूबाईंनी समुद्राच्या दिशेनं हात जोडले.

सहाला फोन वाजला. अनोळखी नंबर.

"मी बोलतोय," नवरा म्हणाला. मागं माणसांचा गोंगाट होता. "सगले ठीक हाव. इंजिन गेला. फोन भिजले सगल्यांचे. काकींना सांग, काका ठीक हाय. आयला फोन दे."

मी फोन सासूबाईंच्या कानाला लावला आणि स्वतः ओरडत शेजारी धावले. काकींनी मला मिठी मारली, आम्ही दोघी अंगणात वेड्यासारख्या रडलो, हसलो, बायका जमल्या, कुणी साखर आणली. मी साखरेची वाटी घेऊन घरी आले तेव्हा सासूबाई फोन मांडीवर ठेवून सासऱ्यांच्या फोटोकडे बघत बसल्या होत्या.

"बघ," त्या म्हणाल्या. "तू खरा सांगितलास नि अर्ध्या तासात फोन आयला."

मुलगा जिवंत होता आणि त्यांच्या तोंडावर आनंदाची रेघ नव्हती. मला तेव्हा कळलं काय झालं ते. आजवर त्यांना नुसती शंका होती. आज मी पुरावा दिला. माझा नवरा मला मिळाला, आणि त्यांचा त्यांनी मारला हे त्यांच्यापुरतं पक्कं झालं. साखर तोंडात घालायची माझी हिंमत झाली नाही.

दुसऱ्या दिवशी नवरा आला. बोट दुरुस्तीसाठी तिकडेच दक्षिणेला एका खाडीत राहिली, काका इंजिनापाशी राहिले, आणि हा एसटी बदलत दिघीला येऊन तिथून फेरीबोटीनं आगरदांड्याला उतरला. मी धक्क्यावर उभी होते. फेरीबोट लागली, आधी मोटारसायकली उतरल्या, मग माणसं, आणि त्यांच्यात तो, दुसऱ्याच कुणाचा शर्ट घातलेला. मी त्याच्या डोक्याकडे बघितलं. टोपी नव्हती. मी इतकी हसले की त्याला वाटलं मला वेड लागलं.

रिक्षात त्यानं सगळं सांगितलं. बावटा चढला त्याच दुपारी इंजिनात पाणी शिरलं, बॅटरी गेली, वायरलेस गेला. रात्रभर आणि दुसरा दिवसभर वारा नेईल तिकडे गेले. संपलं असं वाटलं होतं, तो म्हणाला. मग रत्नागिरीकडची एक मोठी बोट बंदराकडे पळत होती, तिनं बघितलं आणि दोर टाकला.

"किती वाजता?" मी विचारलं.

"काय?"

"दोर. दोर कधी बांधला?"

"काकानी घड्याल बघितला ना. तिसऱ्यांदा टाकला तवा धरला. पाचाला पाच कमी होते. उजेड हाय तवर बांधला म्हनून वाचलो." तिथून त्यांना ओढत नेलं, पहाटे खाडीत शिरले, आणि किनाऱ्याला उतरून कुणाचा चालू फोन मिळेपर्यंत दुसऱ्या दिवसाची संध्याकाळ झाली.

मी त्याला रिक्षा जोरात चालवायला सांग म्हटलं. पावणेपाचला मी गलबतवाल्याला घरी आणला होता. दहा मिनिटांनी यांना दोर मिळाला. म्हणजे माझं खोटं ठणठणीत उभं असताना बोट वाचली होती. मी खरं सांगून पाय धरले तेव्हा ती केव्हाची खाडीत होती. समुद्रानं कुणाचा घास मागितला नव्हता. माझ्या हातात सासूबाईंच्या पस्तीस वर्षांची चावी आली होती, आणि मला कधी एकदा घरी पोचते असं झालं होतं.

त्यांना मुलाला भेटू दिलं, जेवू दिलं, झोपू दिलं. दुसऱ्या दिवशी ऊन पडलं. पोत्यातले सोडे पुन्हा अंगणात पसरले. पडवीत आम्ही दोघीच होतो. मी त्यांना सगळं सांगितलं, अजानीची वेळ, काकांचं घड्याळ, दोर, खाडी. पदरचं एक अक्षर घातलं नाही. दोनदा सांगितलं. त्यांनी मध्ये एकदा विचारलं, "घड्याल बरोबर होता त्याचा?" मी म्हटलं, मुलाला विचारा. त्यांनी त्यालाही आतून बोलावून विचारलं, आणि तो गोंधळून म्हणाला, व्हय आय, पाचाला पाच.

तो आत गेला. सासूबाईंनी सोड्यांवरून हात फिरवला.

"म्हंजे माज्या गोष्टीनं न्हाय गेले ते," त्या म्हणाल्या.

"नाही आई. तुमच्या गोष्टीनं नाही गेले."

मला वाटलं होतं त्या रडतील. मला वाटलं होतं त्या माझ्या तोंडावरून हात फिरवतील, निदान निःश्वास तरी टाकतील. त्यांनी मान वर केली, आणि त्यांच्या डोळ्यांत मला जे दिसलं ते मी अकरा वर्षं न्हाणीत जाऊन लपवलेलं होतं. या बाईंना समुद्राची भीती वाटताना मी पहिल्यांदा बघत होते.

"मंग कशानं गेले गो?" त्यांनी विचारलं.

मी त्यांच्या जवळ सरकून बसले, आणि आम्ही दोघी समुद्राकडे पाठ करून सोडे उलटे करत राहिलो.